लाल, निळं आणि मधली सव्वाशे वर्षं: एका नकाशा-प्रकल्पाच्या नोंदी

9 जून 2025

राज्यशास्त्र विभागाच्या सप्टेंबरमधल्या प्रदर्शनाचा विषय पक्का झाला: अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांत कुठला प्रदेश कुठल्या पक्षाकडे होता आणि तिथून तो कसा हलला. मुलांना नोव्हेंबर 2024 चा नकाशा पाठ आहे. दक्षिण लाल (रिपब्लिकन), दोन्ही किनारे निळे (डेमोक्रॅट), आणि हे जणू डोंगर-नद्यांसारखं कायमचं आहे असं ती धरून चालतात. ते कायमचं नाही हे भिंतीवर दिसलं पाहिजे. पण नुसतं "बदललं" म्हणून भागणार नाही. नेमकं काय हललं? लोकांनी मत बदललं, पक्षाने जागा बदलली, की मतदारयादीतली माणसंच बदलली? बहुतेक लेखांत या तिन्ही गोष्टी एका वाक्यात गुंडाळलेल्या असतात. आपलं काम त्या सुट्या करण्याचं.

साधनं: क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे राज्याखालचा जिल्हा) निकालांच्या फायली, आणि भूगोल विभागाचा प्लॉटर, म्हणजे मोठे नकाशे छापायचं यंत्र, जो तिथल्या मॅडमनी कसलीही खळखळ न करता दिला. मदतीला टी.वाय.चे दोन विद्यार्थी.

13 जून

पहिल्या पॅनेलसाठी 1896 आणि 2000 हे दोन नकाशे शेजारी-शेजारी लावले. 1896 ला रिपब्लिकन विल्यम मॅकिन्ली आणि डेमोक्रॅट विल्यम जेनिंग्ज ब्रायन, 2000 ला रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि डेमोक्रॅट अल गोर. मॅकिन्लींना 271 इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरवणाऱ्या, राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींची, म्हणजे इलेक्टरांची मतं), बुशनाही 271. हा योगायोग, त्याला अर्थ चिकटवायचा नाही. पण नकाशे पाहिल्यावर मुलं गप्प झाली, कारण एक दुसऱ्याची निगेटिव्ह वाटावी इतके ते उलटे आहेत.

"वाटतं" यावर थांबायचं नाही म्हणून राज्यं एकेक करून मोजायला लावली. ब्रायननी 22 राज्यं जिंकली होती. त्यांपैकी 21 राज्यं 2000 मध्ये बुशकडे. उरलं एकटं वॉशिंग्टन राज्य. मॅकिन्लींची 23 राज्यं होती. त्यांपैकी 17 गोरकडे आणि सहा बुशकडे: न्यू हॅम्पशायर, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो, इंडियाना, नॉर्थ डकोटा, केंटकी. 2004 ची राज्यं मोजली तरी 21 आणि 17 हेच आकडे येतात. न्यू हॅम्पशायर इकडून तिकडे गेलं आणि आयोवा तिकडून इकडे आलं, एवढाच फरक.

म्हणजे प्रदेशांची आपसातली फळी जवळपास तशीच राहिली. दक्षिण आणि डोंगराळ पश्चिम एका बाजूला, ईशान्य आणि सरोवरांकाठची बरीचशी राज्यं दुसऱ्या बाजूला. पक्षांची नावं मात्र अदलाबदल झाली.

17 जून

1896 च्या नकाशाखाली कारण लिहावं लागेल, नाहीतर तो नुसता चमत्कार वाटेल. भांडण पैशाचं होतं. शेतमालाचे भाव वर्षानुवर्षं घसरत होते, कर्जाचा आकडा मात्र तोच, त्यामुळे शेतकऱ्याला दरसाल जास्त धान्य विकून तेच कर्ज फेडावं लागे. चांदीचीही नाणी मुक्तपणे पाडा, चलन वाढू द्या, ही ब्रायन यांची मागणी. सोन्याचं परिमाण सोडायचं नाही, हे मॅकिन्लींचं म्हणणं, आणि त्यांच्या मागे ईशान्येचे कारखाने व बँका. कोलोरॅडो हे चांदीच्या खाणींचं राज्य. तिथे ब्रायनना जवळपास 85 टक्के मतं पडली.

इथे मुंबईचा धागा आहे आणि तो पॅनेलवर यायलाच हवा. जून 1893 मध्ये हिंदुस्थान सरकारने चांदीच्या मुक्त नाणेपाडीसाठी आपल्या टांकसाळी बंद केल्या. रुपया तेव्हा चांदीचा, आणि मुंबईची टांकसाळ ही चांदीची मोठी गिऱ्हाईक. बातमी पोचताच चांदीचा भाव कोसळला आणि कोलोरॅडोत खाणी बंद पडू लागल्या. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने सरकारी चांदी-खरेदीचा कायदाही रद्द केला. फोर्टातल्या त्या दगडी इमारतीवरून आपण रोज जातो. रॉकी पर्वतातल्या खाणकामगाराच्या मताशी तिचा असा संबंध आहे हे मुलांना सांगताना मला मनापासून आनंद होतो.

24 जून

आजचा दिवस फायलींचा. अमेरिकेत तीन हजार शंभरच्या वर काउंट्या आहेत आणि प्रत्येकीला पाच अंकी कोड असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे. अलाबामातली ऑटोगा काउंटी म्हणजे 01001. एक्सेलने फाइल उघडली की पुढचं शून्य गळतं, 1001 उरतं, आणि नकाशात अख्खं अलाबामा कोरं दिसतं. म्हणून तो रकाना आयात करतानाच "मजकूर" ठेवायचा.

बाकीच्या खाचखळग्यांची यादी मुलांसाठी इथेच ठेवतो. फ्लोरिडातली डेड काउंटी 1997 पासून मायामी-डेड झाली, कोड बदलला. साउथ डकोटातली शॅनन काउंटी 2015 मध्ये ओग्लाला लकोटा झाली, कोड बदलला. कोलोरॅडोत ब्रूमफील्ड 2001 मध्ये नव्याने निघाली. व्हर्जिनियात 38 शहरं कुठल्याच काउंटीत मोडत नाहीत. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. अलास्का निकाल काउंटीनिहाय देतच नाही. दोन वेगळ्या वर्षांचे निकाल एकाच सीमारेषांवर बसवण्याआधी हे सगळं जुळवावं लागतं, आणि कामाचा खरा वेळ यातच जातो.

2 जुलै

रंगांवर चर्चा. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट ही वाटणी 2000 च्या निवडणुकीनंतर रूढ झाली. त्याआधी वाहिन्या आपापल्या मर्जीने रंग वापरत. 1980 मध्ये एनबीसीने रिपब्लिकन रेगन यांची राज्यं निळी रंगवली होती.

आपल्या प्रेक्षकाची अडचण आणखी वेगळी. महाराष्ट्रात लाल म्हटलं की लाल बावटा, निळा म्हटला की आंबेडकरी चळवळ. शिवाय हत्ती. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचं चिन्ह हत्ती होतं, पुढे बहुजन समाज पक्षाचंही. अमेरिकेत हत्ती रिपब्लिकनांचा, म्हणजे लाल बाजूचा. निळा आणि हत्ती इकडे एकत्र, तिकडे समोरासमोर. एका विद्यार्थ्याने केशरी-जांभळा वापरू असं सुचवलं. विचार केला, पण नको. मुलं मोबाइलवर जे नकाशे बघतात त्यांच्याशी हे ताडता आलं पाहिजे. लाल-निळाच ठेवायचा, आणि प्रत्येक पॅनेलवर पक्षाचं नाव ठळक मराठीत. चिन्हं वगळायची. तिसऱ्या पक्षाने राज्य जिंकलं असेल तिथे पिवळा.

10 जुलै

नुसता विजेता रंगवला की बदल लपतो. 1984 घ्या: रेगननी 49 राज्यं जिंकली, सगळा नकाशा लाल, प्रदेशांतला फरक शून्य दिसतो. म्हणून प्रत्येक राज्याच्या मताधिक्यातून देशाचं मताधिक्य वजा करायचं, म्हणजे ते राज्य देशाच्या सरासरीपेक्षा किती आणि कुठे झुकलेलं आहे हे कळतं.

आयोवावर हाताने करून दाखवलं. 1984 ला रेगन देशात सुमारे 18 गुणांनी (म्हणजे मतांच्या टक्केवारीतल्या फरकाने) पुढे, आयोवात साडेसातच्या आसपास. म्हणजे आयोवा देशापेक्षा जवळपास 11 गुण डेमोक्रॅट बाजूला. 1988 ला थोरले बुश देशात पावणेआठ गुणांनी जिंकले आणि आयोवा मात्र डेमोक्रॅट डुकाकिस यांनी दहा गुणांनी घेतलं. झुकाव 18 वर गेला. शेतीवरचं संकट तेव्हा ऐन भरात होतं: जमिनीचे भाव पडलेले, कर्जं थकलेली, बँका शेतं जप्त करत होत्या. आता 2024: ट्रम्प देशात दीड गुणाने पुढे, आयोवात तेरा गुणांनी. झुकाव 12, पण रिपब्लिकन बाजूला.

1984 आणि 2024, दोन्ही नकाशांत आयोवा लालच आहे. वजाबाकी केली नसती तर चाळीस वर्षांत तिथे काही घडलंच नाही असं वाटलं असतं. प्रदर्शनातले सगळे मुख्य नकाशे याच पद्धतीने करायचे ठरलं.

19 जुलै

दक्षिण. प्रदर्शनाचा सगळ्यात मोठा भाग हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच.

आधी माहितीतला धोका. अलाबामात 1948 ला "डेमोक्रॅटिक" रकान्यातली मतं पक्षाचे उमेदवार ट्रूमन यांची नाहीत. त्यांचं नाव तिथे मतपत्रिकेवरच नव्हतं. पक्षाच्या जागेवर वंशभेदाच्या बाजूने उभे राहिलेले स्ट्रॉम थर्मंड होते. 1960 ला अलाबामात डेमोक्रॅटिक यादीतले 11 पैकी पाचच इलेक्टर केनेडींना बांधलेले, सहा मोकळे, आणि त्या सहांनी हॅरी बर्ड यांना मत दिलं. केनेडींना अलाबामात नेमकी किती मतं पडली याचा निर्विवाद आकडा त्यामुळेच निघू शकत नाही. 1964 ला तर राष्ट्राध्यक्ष असलेल्या जॉन्सन यांचंच नाव अलाबामाच्या मतपत्रिकेवर नाही. रकान्याच्या शीर्षकावर विश्वास ठेवून नकाशा काढणाऱ्याला ही तिन्ही वर्षं फसवतात. या ठिकाणी तिरप्या रेघा आणि खाली टीप.

आता क्रम. "1964 ला दक्षिण उलटली" असं एका वाक्यात सांगतात. पण 1928 मध्येच रिपब्लिकन हूव्हर यांनी टेक्सस, फ्लोरिडा, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसी घेतली होती. समोरचे अल स्मिथ कॅथलिक होते, हे मोठं कारण. 1948 ला थर्मंडनी चार राज्यं फोडली. 1964 ला रिपब्लिकन गोल्डवॉटर सबंध देशात आपटले, पण स्वतःच्या ॲरिझोनाशिवाय त्यांनी जिंकलेली पाचही राज्यं खोल दक्षिणेतली: मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलिना. नागरी हक्क कायद्याच्या विरोधात त्यांनी सिनेटमध्ये मत दिलं होतं. 1968 ला तिसऱ्या पक्षाचे जॉर्ज वॉलेस पाच राज्यं घेऊन गेले, ती पिवळी. आणि 1976 ला जॉर्जियाचे कार्टर आले तेव्हा जुन्या कॉन्फेडरेट (यादवी युद्धात फुटून निघालेल्या) राज्यांपैकी व्हर्जिनिया सोडून दहाच्या दहा पुन्हा डेमोक्रॅट. पक्की वाट मोडायला अर्धं शतक लागलं, आणि ती मोडताना मतदार मागे-पुढे होत राहिला.

25 जुलै

मिसिसिपीतली होम्स काउंटी. 1964 ला गोल्डवॉटर यांना इथे 96 टक्क्यांहून जास्त मतं. 2020 ला बायडन यांना पाचांतली चार. माझ्या विद्यार्थिनीने हे दोन आकडे शेजारी पाहिले आणि विचारलं, "सर, एवढी माणसं रिपब्लिकनची डेमोक्रॅट कशी झाली?"

"झालीच नाहीत गं. आधी ती यादीतच नव्हती."

होम्स ही बहुसंख्य कृष्णवर्णीय काउंटी. पण साक्षरता चाचण्या, दमदाटी, नोकरीवरून काढून टाकणं या मार्गांनी त्यांना नोंदणीपासून लांब ठेवलं होतं. मिसिसिपीतल्या मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी 1965 च्या आधी 6.7 टक्के लोकांची नोंद होती. 6 ऑगस्ट 1965 ला मतदान हक्क कायद्यावर सही झाली आणि 1967 पर्यंत तो आकडा 59.8 वर गेला. अलाबामातल्या लाउन्ड्स काउंटीत दहांतले आठ लोक कृष्णवर्णीय, आणि 1965 उजाडलं तेव्हा त्यांच्यातला एकही नोंदलेला नव्हता.

या काउंट्या नकाशावर अलाबामा-मिसिसिपीतून कोयत्याच्या पात्यासारख्या वळत जातात. तिथली जमीन काळी आणि कसदार. डायनासोरांच्या काळात तिथे समुद्राचा उथळ काठ होता, त्याच्या चुनखडीतून ती माती झाली. काळ्या मातीत कापूस, कापसासाठी गुलाम, गुलामांचे वंशज आजही तिथे. आज लाल राज्यांच्या पोटातून जाणारा निळा पट्टा तो हाच. विदर्भाच्या मुलांना माती आणि कापूस हे नातं समजवावं लागणार नाही.

म्हणून इथे "पक्ष बदलला" हा शब्दच लागू नाही. या पॅनेलला मी ठळक शीर्षक दिलंय: "मतदार बदलला नाही, मतदार झाला." तीन प्रकारांतला हा तिसरा प्रकार, आणि माझ्या मते अमेरिकेच्या नकाशावरचा सगळ्यात महत्त्वाचा बदल.

4 ऑगस्ट

एक छोटं पण गरजेचं पॅनेल: अध्यक्षाचं मत आधी हललं, गावचं मत फार नंतर. जॉर्जियाने 1964 ला प्रथमच रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार निवडला, पण यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतरचा पहिला रिपब्लिकन गव्हर्नर तिथे 2002 च्या निवडणुकीत आला. अलाबामाचं विधिमंडळ 2010 पर्यंत डेमोक्रॅटांकडे. दक्षिणेतल्या प्रतिनिधिगृहाच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांकडे गेल्या त्या 1994 ला. शेरीफ, आमदार ही ओळखीची माणसं, त्यांचं नाव बघून लोक मत देत राहिले. वरची चिठ्ठी आधी फाटली, खालची तीन-चार दशकांनी.

12 ऑगस्ट

व्हरमाँट. 1856 ते 1960 सलग रिपब्लिकन. 1912 ला रिपब्लिकन टाफ्ट यांच्यासोबत दोनच राज्यं राहिली, युटा आणि व्हरमाँट. 1936 ला रूझवेल्ट यांच्या लाटेतही रिपब्लिकन लँडन यांना दोनच राज्यं मिळाली, मेन आणि व्हरमाँट. आणि 1992 पासून हे राज्य सलग डेमोक्रॅट. इथे दोन गोष्टी एकदम घडल्या. साठ-सत्तरच्या दशकांत नवे महामार्ग झाले आणि न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्सकडून नवी माणसं येऊन राहिली. त्याच काळात रिपब्लिकन पक्षाचं केंद्र दक्षिणेकडे सरकलं आणि जुन्या वळणाच्या, काटकसरी, चर्चमध्ये जाणाऱ्या पण धर्म राजकारणात न आणणाऱ्या व्हरमाँटी रिपब्लिकनला तो पक्ष परका होत गेला. वाटा किती कोणाचा हे काउंटीच्या आकड्यांवरून सांगता येत नाही, म्हणून पॅनेलवर दोन्ही कारणं लिहिली आणि टक्केवारी दिली नाही.

वेस्ट व्हर्जिनिया नेमकी उलट. 1932 ते 1996 या काळात रिपब्लिकन तीनदाच जिंकले: 1956, 1972, 1984. 1980 ला कार्टर यांची देशभर धूळधाण उडाली तेव्हाही ज्या सहा राज्यांनी त्यांना धरून ठेवलं त्यात हे होतं. मग 2000 ला बुश, आणि 2016 ला ट्रम्प यांना 68 टक्के.

मॅकडॉवेल काउंटी जवळून पाहिली. कोळशाचा जिल्हा, खाणकामगार संघटनेचा बालेकिल्ला. 1961 मध्ये फूड स्टॅम्पचा (गरिबांना अन्नासाठी सरकारी कुपनं देण्याचा) प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिली कुपनं इथल्याच एका कुटुंबाला मिळाली. 1950 ला लोकसंख्या 99 हजारांच्या घरात, 2020 ला 20 हजारांच्याही आत. 2008 ला ओबामा जिंकले, 2012 ला रिपब्लिकन रॉम्नी, 2016 ला ट्रम्प यांना चारांतली तीन मतं. टक्केवारी पाहून "लोक फिरले" म्हणणं अर्धंच खरं. खाणींत यंत्रं आली, कामगार गेला, संघटनेचं कार्यालय बंद झालं, तरुण दुसऱ्या राज्यांत निघून गेले. जो मतदार डेमोक्रॅट होता त्यातला मोठा भाग आता तिथे राहतच नाही. म्हणून या पॅनेलवर टक्केवारीशेजारी लोकसंख्येचा स्तंभ उभा केलाय. तो खाली-खाली येताना पाहिला की राजकारणाआधी माणसांची काळजी वाटते.

23 ऑगस्ट

2016. विजेत्याच्या रंगाचा नकाशा इथे मोठा घोटाळा करतो: टेक्ससमधल्या लव्हिंग काउंटीत 2020 च्या जनगणनेत 64 माणसं, लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी, आणि नकाशावर दोन्ही "एक काउंटी". म्हणून काउंटीच्या मध्यावर मतसंख्येच्या प्रमाणात वर्तुळ काढलं. मुलांना ते अधिक कळलं.

ओबामांना दोनदा आणि मग ट्रम्पना निवडणाऱ्या 206 काउंट्या आहेत, त्यातल्या 31 एकट्या आयोवात. त्यांपैकी हॉवर्ड काउंटी 2012 ला ओबामांना वीसहून जास्त गुणांनी आणि 2016 ला ट्रम्पना वीसहून जास्त गुणांनी गेली. सगळ्या देशात असं करणारी ती एकटीच. मिशिगन ट्रम्पनी 10,704 मतांनी जिंकलं, पण त्यातल्या एका मॅकोम्ब काउंटीतलं आधिक्यच सुमारे 48 हजार होतं. मोटार कारखान्यांचा हा भाग, ऐंशीच्या दशकात "रेगन डेमोक्रॅट" (रेगनना मत देणारे डेमोक्रॅट) म्हणून अभ्यासला गेलेला.

त्याच निवडणुकीत कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी 1936 नंतर प्रथमच डेमोक्रॅटांकडे गेली, आणि 2020 ला कॅन्ससमधली जॉन्सन काउंटी 1916 नंतर प्रथमच. दोन्ही शिकलेल्या, सुस्थितीतल्या उपनगरांच्या. मॅकोम्बच्या समोरच हे दोन नकाशे टांगायचे. एक बाजू रिकामी ठेवून दुसरीबद्दल बोलणं मला पटत नाही.

5 सप्टेंबर

शेवटचं पॅनेल, टेक्ससच्या सीमेवरची स्टार काउंटी. रिओ ग्रांदेच्या काठावर, जवळपास सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची. 2016 ला क्लिंटन यांना 79 टक्के, 2020 ला बायडन यांना 52, आणि 2024 ला ट्रम्प यांना सुमारे 58. 1892 नंतर प्रथमच ही काउंटी रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली.

इथे यादी बदलली नाही, वस्तीही बदलली नाही. आठ वर्षांत साधारण त्याच घरांतल्या माणसांनी वेगळं मत दिलं. तीन प्रकारांतला पहिला प्रकार इतका स्वच्छ दुसरीकडे सापडला नव्हता. कारणं लिहिताना महागाई, तेलाच्या धंद्यातल्या आणि सीमा-पहाऱ्यातल्या नोकऱ्या एवढीच लिहिली. "लॅटिनो मत" असा एक गठ्ठा आहे असं धरून लिहिलेली वाक्यं विद्यार्थ्याच्या मसुद्यातून काढायला लावली. तिथल्या माणसाला वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी वर्षानुवर्षं गठ्ठ्यातलंच समजत होतं, आणि आपण इथून पुन्हा तेच करायला नको.

"सर, 2028 चा बाण काढू का?" त्याने विचारलं. स्टारच्या आलेखावर रेघ सरळ वर चाललेली दिसते, ती पुढे ओढायचा मोह होतो. त्याला 1976 चं दक्षिणेचं पॅनेल दाखवलं. 1972 ला निक्सननी दक्षिणेतलं प्रत्येक राज्य घेतलं होतं. तेव्हा कुणी बाण काढला असता तर चारच वर्षांत पुसावा लागला असता. रेघ 2024 वर थांबेल.

9 सप्टेंबर

सगळी पॅनेलं प्लॉटरवर गेली. अलाबामाच्या टिपेचा टंक लहान पडतोय, तो वाढवायचा. कनेटिकटमध्ये 2022 पासून जनगणनेने काउंट्यांऐवजी नियोजन-प्रदेश धरलेत. 2024 साठी जुन्याच आठ काउंट्या ठेवल्या आणि तसं कोपऱ्यात लिहिलं. उद्या लॅमिनेशन.